मामांचं तोंड आणि पालथा पत्ता

लास व्हेगास,
१६ फेब्रुवारी १९६४

चि. डोमीस बेन्याटमामाचे अनेक आशीर्वाद, आणि सोबत एक विनवणी.

विनवणी आधी सांगतो. हे पत्र तुझ्या आईच्या हाती पडू देऊ नकोस. लिओनी तिकडे रिनोत वीस वर्षं एकवीसच्या टेबलावर पत्ते वाटते आहे, आणि वीस वर्षं मी तिला चिडवत आलो की खरा जुगार फाशांचा. एकवीस म्हणजे नवरे फासे टाकत असताना बायकांनी बसून वेळ घालवायचा खेळ. आता माझेच दात माझ्या घशात गेले आहेत. आमच्या कॅसिनोतली फाशांची दोन टेबलं उचलून नेली, त्या जागी एकवीसची मांडली, आणि मांडता मांडताच ती भरली. युद्धावरून परतलेले शिपाई फाशांवर तुटून पडत, तो काळ गेला. हल्ली जो तो कुणा प्राध्यापकाचं पुस्तक खिशात घालून येतो. गेलेले पत्ते लक्षात ठेवले तर कॅसिनोला हरवता येतं, असं त्यात लिहिलं आहे म्हणे.

हॉलिससाहेबाने मला बोलावून सांगितलं की मे महिना लागायच्या आत एकवीस वाटून दाखव, नाहीतर दारात उभा राहून लोकांच्या गाड्या लाव. साठीला आलेला माणूस मी! हातात फासे ओढायची काठी घेऊन ‘सात!’ म्हणून ओरडलो की रस्त्यावरचा माणूस आत येत असे. तो मी गाड्या लावू?

आपल्या घरातली तू पहिली पदवीधर, त्यातून गणिताची. मला पत्राने शिकव. मामी म्हणते की सरळ बहिणीला विचार. मी तिला म्हटलं की आधी लसणाचं सूप करपतंय ते बघ.

लोभ आहे, तो गुपचूप ठेव.
तुझा मामा


रिनो,
२४ फेब्रुवारी १९६४

ती. मामांस डोमीचा शि. सा. न. वि. वि.

वचन दिलं. मला मात्र ते जड जाणार आहे. आईने पाकिटावरचं तुमचं अक्षर ओळखलं आणि काय लिहितोय म्हणून विचारलं. मी सांगितलं की मामांना एकाएकी गणितात रस उत्पन्न झाला आहे. ती बराच वेळ हसत होती.

शिकायला तुम्हाला वाटतं तितकं अवघड नाही. एकवीसच्या जास्त जवळ जो, तो जिंकला; पुढे गेला, तो हरला. विचार खेळणाऱ्याने करायचा, पत्ते वाटणाऱ्या डीलरने नाही. तुमची बेरीज सोळापर्यंत असेल तर पत्ता घ्यायचा, सतराला थांबायचं, संपलं. तुमच्या दोन पत्त्यांपैकी एक उघडा, एक पालथा. उघडा पत्ता एक्का किंवा दहाच्या किमतीचा (म्हणजे दश्शी किंवा चित्र) असेल, तरच पालथ्याचा कोपरा उचलून बघायचा. एरवी त्याला हातही लावायचा नाही. सोबत एक तक्ता पाठवते आहे. शाळेतल्या मुलांना मी असेच तक्ते करून देते.

लोक फासे सोडून इकडे का वळले, याचं तुम्हाला वाईट वाटतं. मला त्यात काही सुंदर दिसतं. फाशांत माणूस हात हलवतो आणि देवाला हाक मारतो. एकवीसमध्ये त्याला दर वेळी विचारलं जातं की बाबा रे, तुझं मत काय? ज्याला घरी आणि कारखान्यात कुणी मत विचारत नाही, त्याला हे किती गोड वाटत असेल! माझ्या मते हा खेळ लोकशाहीचा आहे. (हसू नका.)

त्या लोकशाहीत बायकांना मात्र जागा नाही. तुमच्या गावात एकही मोठा कॅसिनो बाईला पत्ते वाटू देत नाही. आमच्याकडे देतात, तर बायकांच्या खोलीत भिंतीवर पाटी लावतात: हसत राहा. पुरुष डीलरांच्या खोलीत अशी पाटी नाही. मी याविरुद्ध वर्तमानपत्राला पत्र लिहिते आहे. आई म्हणते लिहू नकोस, पण कारण सांगत नाही.

मामींना नमस्कार. माझ्यावर जो लोभ आहे त्यात चुकांचीही सोय असू द्यावी.
आपली भाची,
डोमी


लास व्हेगास,
२२ मार्च १९६४

चि. डोमीस आशीर्वाद.

तुझा तक्ता पाठ झाला. बेरीज तर झोपेतही येते. घोटाळा निराळाच आहे.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही काड्यापेटीतल्या काड्या लावून सराव करतो. मी वाटतो, चारपाच जण खेळतात. बाकीचे कधी जिंकतात, कधी हरतात. पण भटारखान्यातला गानिक्स, समुद्रापारच्या आपल्याच बास्क मुलखातला, पाव भाजणारा, तो मला रोज धुऊन काढतो! अठरावर असला तरी निर्धास्त आणखी पत्ता मागतो, आणि तेव्हा नेमके माझे वीस असतात. मी विचारलं की लेका, काही जादूटोणा येतो का? तर म्हणाला की आजीचा आशीर्वाद आहे. काल तर काड्या ठेवायला पिठाचा डबा घेऊन आला.

हॉलिससाहेबाने दुरून पाहिलं आणि म्हणाला की बेन, तू कुठूनतरी गळतो आहेस. मला वाटलं डोळ्यांतून. म्हणून काळा चष्मा लावला, तर बदामाची सत्ती आणि अठ्ठी एकसारखीच दिसू लागली. गानिक्स तरीही जिंकला.

पालथा पत्ता म्हणजे माझ्या जिवाला घोर झाला आहे. फाशांत लपवायचं काही नसतं गं. पडले की सगळ्यांसमोर पडले, आणि मी ते ओरडून सांगायचे. मला माहीत आणि इतरांना नाही, अशी गोष्ट घेऊन मी जन्मात उभा राहिलेलो नाही.

तुझ्या गणितात यावर काही उतारा असेल तर धाड.
चिंतेत असलेला,
मामा


लास व्हेगास,
८ एप्रिल १९६४

चि. डोमीस उत्तम आशीर्वाद!

मेला तुमचा एकवीस! त्या पुस्तकाच्या धास्तीने इथल्या कॅसिनोंनी एक तारखेपासून नियम आवळले. एक्क्यांची जोडी फोडायची नाही, वाटेल तेव्हा पैज दुप्पट करायची नाही. लोक असे रागावले की टेबलं ओस पडली. आमचे एकवीसवाले कोट घालून भिंतीला टेकलेत, वरात चुकलेल्या नवरदेवांसारखे. आणि फाशांवर पुन्हा गर्दी! काल इतका ओरडलो की घसा बसला. मामीने मध घातलेलं दूध दिलं, पण दया दाखवली नाही.

सराव बंद केला आहे. तक्ता चुलीत घातलेला नाही, जपून ठेवला आहे. मन दुखवून घेऊ नकोस.
तुझा विजयी मामा


रिनो,
२० एप्रिल १९६४

ती. मामांस सा. न. वि. वि.

तुमचा आनंद पाहून लिहायचं जिवावर येतं, पण खोटा धीर देणं मला जमत नाही. ज्यांना एकदा मत विचारलं गेलं ते लोक गप्प बसणार नाहीत. नियम सैल करावेच लागतील, आणि मग दुप्पट लोक येतील. एकवीसमध्ये कॅसिनोला हरवता येतं, हे आता पुस्तक न वाचलेल्यांनाही कळलं आहे. कॅसिनो घाबरला, याहून मोठी जाहिरात कुठली? सराव सोडू नका.

आता मुख्य गोष्ट. गेल्या रविवारी मी बाबांकडे डोंगरात गेले होते. मेंढ्या विताहेत, त्यामुळे बाबा तंबूतच राहतात. मी पोचले त्याच दिवशी एक कोकरू माझ्या कोटात जन्मलं म्हटलं तरी चालेल. कामं उरकल्यावर बाबा आणि तिघे मेंढपाळ पत्ते काढून आपला मुस खेळायला बसले. जोडीदाराला तोंडाने खुणा करायची मुसमध्ये मुभा असते, हे तुम्हाला काय सांगायचं! बादशहांची जोडी आली की बाबा खालचा ओठ चावत, एक्क्यांची आली की जिभेचं टोक बाहेर काढत. मी बघत बसले आणि एकदम उभी राहिले. कॉफी सांडली.

मामा, तुम्ही डोळ्यांतून गळत नाही. तोंडातून गळता! आजोबांच्या खाणावळीत तुम्ही आणि आई लहानपणापासून मुस खेळलात. पालथा बादशहा दिसला की तुमचा ओठ दाताखाली जात असणार, एक्का दिसला की जीभ बाहेर. जोडीचीही वाट न बघता. हॉलिससाहेबाला त्यातलं काय कळणार? गानिक्सला सगळं कळतं. आजीचा आशीर्वाद खराच आहे म्हणायचा, तिनेच शिकवलं असेल त्याला.

कारण मी शोधलं, उपाय माझ्याकडे नाही. आईही आपल्यातलीच, तीही मुस खेळून वाढली, आणि तरी वीस वर्षं तिच्या तोंडावरचं कुणाला वाचता आलेलं नाही. मला वचनातून मोकळं करा. तुम्ही हो म्हणेपर्यंत मी तिला एक अक्षर सांगणार नाही. मात्र तुम्ही नाही म्हणालात तर मला फार वाईट वाटेल.

आपली,
डोमी


लास व्हेगास,
२५ एप्रिल १९६४

डोमे, आरशात पाहिलं. जीभ बाहेर आली. मामी तिथेच उभी होती, तिला वाटलं तिलाच वेडावतो आहे.

नियम जुनेच परत आणले. आत शिरायला वाट नाही इतकी गर्दी. फाशांचं आणखी एक टेबल उचलून नेताहेत. गुरुवारी माझी परीक्षा. सांग लिओनीला. हसली तरी चालेल.
मामा


रिनो,
२७ एप्रिल १९६४

ती. दादास लिओनीचा नमस्कार.

हसून घेतलं. आता कामाचं.

पत्ता बघायच्या आधी हसायचं, बघितल्यावर नाही. दात दिसतील असं. दात उघडे असले की ओठ चावता येत नाही, आणि हसताना जीभ आपोआप मागे राहते. आधीच हसत असलेल्या तोंडावर नवीन काही उमटत नाही. आमच्या भिंतीवरची पाटी साहेबांनी गिऱ्हाइकांना खूश ठेवायला लावली. तिचा खरा उपयोग काय, ते आम्ही पोरींनी आपसांत शोधून काढलं आणि तोंडाला कुलूप लावलं. म्हणून डोमीला म्हणत होते की वर्तमानपत्रात लिहू नकोस. बोभाटा झाला की कुलपाची किल्लीच लोकांच्या हाती जाईल.

दाढा दिसेपर्यंत हसू नकोस, गिऱ्हाईक पळेल. गरज नसताना पत्ता उचलू नकोस. आणि ओरडू नकोस रे दादा. पत्ते जवळच असतात, त्यांना ऐकू येतं.

मला फेब्रुवारीपासूनच संशय होता. तुला आणि गणितात रस!
तुझी,
लिओनी

ता. क. मामा, मी पत्र लिहिणारच आहे, पण मागणी बदलली. पाटी पुरुषांच्या खोलीतही लावावी. कारण सांगणार नाही. – डोमी


लास व्हेगास,
३ मे १९६४

चि. डोमीस आणि सौ. लिओनीस बेन्याटचे आशीर्वाद. दोघींनी एकत्र वाचावं, लपवायचं आता काही उरलेलं नाही.

गुरुवारी हॉलिससाहेब टेबलाच्या डाव्या हाताला बसला आणि त्याने भटारखान्यातून गानिक्सला बोलावून घेतलं. काड्यांचं प्रकरण त्याच्या कानावर गेलं होतं. गानिक्स हाताला पीठ तसंच घेऊन आला. आज काड्या नव्हत्या, पैशांऐवजी चालतात त्या खऱ्या चिप्स होत्या, आणि आजूबाजूला निम्मा कॅसिनो.

मी वाटले. माझा उघडा पत्ता राणी, म्हणजे पालथा बघणं भाग. आधी हसलो. मामीसमोर दोन दिवस हसून गाल दुखत होते, तरी हसलो. मग कोपरा उचलला. बादशहा होता, डोमे! वीस! ओठ दाताखाली जायला इतका तडफडला की डोळ्यांत पाणी आलं, पण दातांनी दार सोडलं नाही. गानिक्स माझ्या तोंडाकडे बघतोय, मान वाकडी करून बघतोय. त्याच्याकडे अठरा. शेवटी आपल्या भाषेत त्याने मला विचारलं की तुझी तब्येत बरी आहे ना? मी नुसता हसत राहिलो. तो अठरावरच थांबला. मी बादशहा उलटला आणि त्याच्या चिप्स ओढून घेतल्या.

तासभर असंच चाललं. शेवटी साहेब म्हणाला की सोमवारपासून टेबल तुझं. आणि विचारलं की हे असं हसायला तुला कुणी शिकवलं, बेन?

लिओनी, तू ओरडू नकोस म्हणाली होतीस. पण मला कुणी काही विचारलं की मी ओरडूनच सांगतो. तीस वर्षं त्याचाच पगार घेतला. सांगितलं: माझ्या बहिणीने! रिनोची लिओनी, नेवाडात तिच्यासारखा डीलर नाही! फाशांच्या टेबलावरचे लोक कोण जिंकलं म्हणून वळून बघू लागले.

साहेबाने मला हळू बोल म्हणून खुणावलं. म्हणाला की माझ्या उरलेल्या फासेवाल्यांनाही ती शिकवील का? महिनाभर येऊ दे, दुपारी, दार लावून. गिऱ्हाइकांसमोर मात्र बाईला उभं करता येणार नाही, इथली रीत तुला ठाऊक आहे. मी म्हटलं की साहेब, ती रोज गिऱ्हाइकांसमोर उभी असते, दारामागे यायला तिला सवड नाही. ज्याला शिकायचं त्याने रिनोला जावं, पदरचे पैसे टाकून तिच्यासमोर बसावं.

मला वाटलं आता गाड्याच लावाव्या लागणार. पण त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, त्यावर त्याला काहीच दिसेना, आणि तो बरं म्हणाला.

तेव्हा शुक्रवारच्या बसने आमचे दोघे फासेवाले तिकडे येताहेत. लिओनी, तुझ्याच टेबलावर बसव त्यांना, आणि दादाने पाठवलेत म्हणून एक पत्ताही सोडू नकोस. रुंद हातांचे आहेत, बोलतात ते ओरडूनच. दोघांना ताकीद दिली आहे की तिच्यासमोर टोपी काढून बसायचं.

दोघींचा लोभ असाच राहो. वाढवायचा की इथेच थांबायचं, ते तुमचं मत.
तुमचा,
बेन्याट