डब्याला दोन ठोके

४ डिसेंबर १९८५
मशीन आलं एकदाचं! ट्रकमधून उतरवायला आठ माणसं आणि बघायला सगळी फॅक्टरी. आमचं डबे भरणीचं टेबल ओस. मी ओरडले, "अगं बायांनो, पेरू काळे पडतील!" पण मीच सगळ्यात पुढे उभी, ऐकणार कोण.
मोठी गोल परात, तिला भोकं, खालून डबे फिरत जातात. वरून पेरूच्या फोडी ढकलायच्या, डबा भरून बाहेर. वसंतराव मिस्तरींनी अंबडच्या आपल्या शेडमध्ये वर्षभर खपून बनवलंय. असं चकाचक, की आमच्या टेबलावरच्या लताने त्यात बघून टिकली सरळ केली.
शेठ म्हणाले, "सुलूताई, आता तुमच्या बायांचे हात सुटले."
आमच्यातली सगळ्यात जुनी गंगूबाई माझ्या कानाशी: "हात सुटलं म्हंजी कामावरनं सुटलं का गं?"
हसले तेव्हा. द्वारका चौकात बस बदलताना मात्र तेच डोक्यात.

५ डिसें.
शेठनी सांगून टाकलं. जानेवारीत मोठी ऑर्डर द्यायचीय, म्हणून महिनाअखेरपर्यंत चाचणी. पास झालं तर टेबलावर पाच बाया पुरे. नापास झालं तर मशीन परत मिस्तरींच्या शेडमध्ये. आम्ही अकराजणी. म्हणजे सहा घरी.
वर म्हणतात, "तुम्ही मुकादम. नावं तुम्हीच काढा."
नावं काढा म्हणे! भाजी निवडायचीय का, की ही चांगली, ही किडकी? नाही काढणार. संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर पेपरातून मान वर न करता म्हणाले, "बघ बाई." बघ बाई! एवढं बोलायला नगरपालिकेत वीस वर्षं नोकरी करावी लागते.

९ डिसें.
पहिली चाचणी. बटण दाबलं आणि फोडी अशा उडाल्या की एक थेट शेठच्या खिशात. लता पदर तोंडात कोंबून टेबलाखाली.
मग लागलं नीट चालायला. आणि आवाज? बारीक घरघर, बाकी काही नाही. मिस्तरींची छाती फुगलेली: "डब्याखाली जाड रबर घातलंय, सुलूताई. पाण्याचा पेला ठेवा, थेंब हलणार नाही." खरंच पेला ठेवला. नाही हलला.
वजन केलं. हवं साडेचारशे ग्रॅम. मशीनचा पहिला डबा ३९०. दुसरा ४०५. तिसरा ३९५. वरून काठोकाठ, आतून पोकळ. आमच्या कॉलनीतल्या एका पुढाऱ्यासारखा.
शेवटी सगळे डबे आमच्याकडे आले, वरून फोडी कोंबायला. म्हणजे दुप्पट काम. पण बायांना काय आनंद! लताने तर शिट्टीच मारली. मीही हसले, खोटं कशाला लिहू.

१२ डिसें.
मिस्तरींनी भोकं मोठी करून आणली. फोडी जास्त पडल्या आणि चेंगरल्या. शेठ "हं" म्हणून निघून गेले. त्या "हं"ची भीती वाटते.
मिस्तरी जेवले नाहीत. गंगूबाईने आपल्यातली अर्धी भाकरी, ठेचा पुढे केला. "खा रं दादा. मशीन काय पळून जात नाय." अगं, हा माणूस तुझ्या पोटावर उठलेला, आणि तू त्याला जेवू घालतेस! बोलले तसं. तर म्हणते, "भुकेल्याशी काय वैर?"
हिची बोटं आज नीट पाहिली. पेरूची सालं कॉस्टिक सोड्याच्या कढत पाण्यात सोडवतात. कितीही धुतले तरी ते पाणी फोडींबरोबर थोडं येतंच आणि आमची बोटं खातं. सगळ्यांचीच. पण गं.बाईची चौदा हंगामांची. अंगठ्याला नख नाही. मूठ मिटत नाही. सायखेड्याहून पहिल्या एस्टीने येते, एका दिवसाचा खाडा नाही.

१४ डिसें., शनिवार, सुट्टी
ह्यांनाही सुट्टी, म्हणून कामाला लावलं. रवा डब्यात भरायला दिला. अर्धा तास झाला, हे तसेच बसलेले. डबा काठोकाठ आणि पिशवीत अजून बराच रवा.
"मावत नाही. मोठा डबा आण."
"अहो, दर महिन्याला ह्याच डब्यात मावतो!" डबा हातातून घेतला, फरशीवर आपटला. ठक्. ठक्. रवा चार बोटं खाली बसला. उरलेला ओतला, झाकण लावलं.
आणि तशीच थांबले. डबा कडेवर घेऊन.
हे म्हणाले, "काय झालं?"
"काही नाही. तुम्ही आणि ते मशीन अगदी सारखे." बिचाऱ्यांना वाटलं कौतुक केलं.

१६ डिसें.
आज काम कमी, कान जास्त. अकराच्या अकराजणी आपटतात! अर्धा डबा भरला की एक ठोका, भरला की दुसरा. फोडी एकीच्या पोटात एक जाऊन बसतात, मग वरच्या दोन मावतात. मलाही कोणी शिकवलं नव्हतं, मीही कोणाला शिकवलं नाही. घरचीच सवय, कणकेच्या डब्याची.
लताला विचारलं, "तू डबा का आपटतेस गं?"
"मी? कुठे आपटते?" म्हणाली, आणि आपटला.
म्हणजे मिस्तरींनी एवढं खपून जो आवाज घालवला, तोच हवा होता. रबर काढायचं, डब्याला दोन ठोके द्यायचे. बस्स. ही गोष्ट जगात फक्त मला माहीत. सांगितलं तर सहाजणी घरी. नाही सांगितलं तर मशीन परत शेडमध्ये, आणि आमची बोटं त्याच पाण्यात.

१७ डिसें.
जेवणाच्या सुट्टीत बायांना सांगितलं. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या.
लता: "ताई, शपथ आहे. मिस्तरींना कळता कामा नये."
गं.बाई: "तोंडाला कुलूप लाव, सुले. चावी गोदावरीत टाक."
मी म्हटलं बरं. ठरलं. जिवाला जरा हलकं वाटलं.
मग जेवायला बसलो. गं.बाईने आपला भाकरीचा डबा काढला. झाकण निघेना. बोटं घसरत होती. दोनदा, तीनदा. लताने हळूच ओढून घेतला, उघडला, परत ठेवला.
सुटताना गेटपाशी गं.बाई आली. "सुले, सांग जा शेठला. ह्या पोरींची बोटं तरी राहू दे. पर फुकट सांगू नको."
बसमध्ये खूप रडले. कंडक्टरने तिकिटाचं विचारलंच नाही.

१८ डिसें.
गेले केबिनमध्ये.
"शेठ, मशीन चालेल. कसं ते मला ठाऊक आहे. पण आधी अकराजणींचं बोला."
"मशीन आणायचं आणि बायाही ठेवायच्या? मग आणलं कशाला?"
"भरणीला पाच लागतील, कबूल. पण हे मशीन खातं किती! सोड्यात टाकायच्या आधी पेरू निवडायला, डाग काढायला तुमच्या चार बाया पुरणार आहेत का त्याला? उरलेल्या सहाजणी तिकडे घ्या, कोरड्या टेबलावर. नाहीतर परात रिकामी फिरेल गरगर, आणि मोठी ऑर्डर जाईल दुसऱ्याकडे."
शेठनी पेन्सिल फिरवली बराच वेळ. "ठीक आहे. माझा शब्द."
"शब्दाला झाकण लागत नाही, शेठ. लिहून द्या."
कसं बोलून गेले देव जाणे! शेठ आधी लाल झाले, मग खो खो हसले. जवळ कागद नव्हता. पेरूच्या डब्याचं लेबल उलटं केलं आणि लिहिलं: "भरणी टेबलाच्या अकराही बाया या हंगामात आणि पुढच्या हंगामात कामावर राहतील." खाली सही.
लेबल पोलक्यात. मग सांगितलं.

१९ डिसें.
मिस्तरी भयंकर चिडले. "दोन महिने घालवलेत बाई मी तो आवाज मारण्यात! आणि तुम्ही म्हणता आपटा?"
मी रिकामा डबा घेतला, फोडी भरल्या, दाखवलं. एकदा न आपटता, एकदा आपटून. वजन त्यांनाच करायला लावलं.
काट्याकडे बघत राहिले. मग स्वतःच्या कपाळावर हात मारला. दोनदा. लता म्हणाली, "असंच, मिस्तरी, अगदी असंच!"

२४ डिसें.
झालं!!! पास!!!
रबर गेलं. परातीखालच्या चाकाला दोन उंचवटे. डबा अर्धा भरला की उचलून ठक्, भरला की ठक्. ४५०. ४५५. ४५२. शेठ स्वतः काट्यावर. पंचवीस डबे तपासले, एकही कमी नाही. मिस्तरी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होते. गं.बाईने त्यांना धरून आणलं आणि पेढा कोंबला तोंडात. लता आणि बाकीच्या फुगड्या घालायला लागल्या, ओल्या फरशीवर, एक धपकन् पडली तरी हसतेच आहे.
गं.बाई मशीनवर हात ठेवून म्हणाली, "लय गुणाची हाय. आपल्यावानीच आपटती. आजपासनं ही आपली बारावी बाई."
मी आज घरी श्रीखंड आणलं. ह्यांनी विचारलं, काय विशेष? म्हटलं, तुमच्या रव्याच्या डब्याचा सत्कार.

२२ जानेवारी १९८६
बारावी रोज दणदणतेय. ऑर्डर चार दिवस आधी गेली. गं.बाई धरून आमच्या सहाजणी निवडीच्या कोरड्या टेबलावर गेल्या, तरी तिथे दहाजणी पुरत नाहीत, शेठनी अजून दोघी घेतल्या! मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. ते दुसरीकडे बघू लागले.

१८ फेब्रु.
गं.बाईच्या अंगठ्याला नख आलं! एवढंसं, तांदळाएवढं. सगळ्यांना दाखवत फिरली, वॉचमनलाही. उद्या मेंदी लावून येणार म्हणते. "चौदा वर्सांनी. मेंदी पाण्यात राहतच नव्हती नं."

१९ फेब्रु.
लावून आली. दोन्ही हातांना, कोपरापर्यंत. साठीची बाई आणि नवरीसारखी मिरवतेय. डबाही स्वतः उघडला, आणि झाकण सगळ्यांसमोर हलवून दाखवलं.

२७ मार्च
हंगाम संपत आला. नवीन मॅनेजर आलेत, तरुण, हातात सेकंद मोजायचं घड्याळ. दिवसभर आमच्या मागे उभे. संध्याकाळी विचारतात, "मशीन असताना एवढ्या बाया कशाला?"
मी म्हटलं, "शेठना विचारा."
"शेठ आता मुंबईला बसणार. इथलं मी बघतो."
घरी येऊन लेबल काढलं, वाचलं, रव्याच्या डब्यात ठेवलं.

१० एप्रिल
फॅक्टरी बंद, दरवर्षीप्रमाणे. पुढच्या हंगामाची यादी गेटवर लागेल. बारावीला ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून आलो. गं.बाईने तिच्या पाठीवर थोपटलं. "नीट ऱ्हा गं. येतोच आमी."

१७ नोव्हेंबर
गेटसमोर बसून लिहितेय. सकाळचे आठ. सगळ्या आल्यात. गं.बाई सगळ्यात आधी, पहिल्या एस्टीने. दहाही नखं आहेत, मोजून दाखवली. लताचं लग्न ठरलंय, तरी आली. म्हणते, हंगाम झाल्याशिवाय अक्षता नाही.
यादी अजून नाही. वॉचमन म्हणतो, टाईप होतेय. किती नावांची, विचारलं. म्हणतो, मला काय माहीत ताई, पण कागद छोटा आहे.
लेबल पोलक्यात आहे.
आतून मशीन सुरू झालेलं ऐकू येतंय. रिकामे डबे घालून फिरवून बघत असतील. पण ठोका नाही! नुसती घरघर. लताने माझ्याकडे बघितलं. नव्या साहेबांनी आवाज होतो म्हणून रबर परत घातलं की काय!
गं.बाई उठली. आपला भाकरीचा डबा घेतला, आणि गेटच्या लोखंडावर आपटला. ठक्. ठक्.
मग लताने. मग सगळ्यांनी. अकरा डबे, एकदम. हसून हसून डोळ्यांत पाणी, वॉचमन कानांवर हात ठेवून उभा.
आत घरघर थांबली. वरची खिडकी उघडली. नवे साहेब दिसतायत, हातात छोटा कागद.
बोटाने मला बोलावतायत. एकटीला.
लिहिणं थांबवते. जाते. पण एकटी नाही, सगळ्याच उठल्यात.