राहत्या घरातले तिरडीचे सामान

खालापूर,
२ ऑगस्ट १९७१

शेलू मुक्कामी सुखरूप असणारे माझे मेव्हणे मालोजीराव यांना श्रीपतचा जमेल तेवढा वाकून नमस्कार (पाठ धरली आहे). तुमचे गुडघे, वहिनींचा दमा आणि म्हशीचे पोट ठीक आहे असे धरून चालतो. इकडे मी जिवंत आहे. धंदा तेवढा गेला.

नजर अधू झाली म्हणून कारखान्याने घरी पाठवले, तेव्हा मी पडवीत तिरडीचे सामान विकायला ठेवले, हे तुम्ही जाणताच. बांबू, सुतळी, मडकी, पांढरे कापड. गावात कुणी गेले की भर पावसात खोपोलीला धावावे लागे, ते वाचले. लोक दुवा देतील असे वाटले होते. त्यांनी पंचायतीत अर्ज दिला. राहत्या घरात असला धंदा नको, खाली पाच नावे. आठ दिवसांत शेजाऱ्यांची ना-हरकत आणा, नाहीतर माल हलवा, अशी नोटीस आली.

ग्रामसेवक पाहणीला आले. माणूस सज्जन, पण त्यांच्या फॉर्मात माझा धंदा बसेना. हंगामी की बारमाही, असे त्यांनी विचारले. मी म्हटले बारमाही, पावसात थोडा जास्त. गिऱ्हाईक गोंगाट करते का? न्यायला येते ते करत नाही, ज्याच्यासाठी नेतात तेही करत नाही. (ते हसले नाहीत. मीही हसवायला बोललो नव्हतो.) शेजारच्या गजाच्या पिठाच्या गिरणीने आमच्या फळीवरची भांडी खाली येतात, ती चालते कशी, असे मी विचारले. तर म्हणाले, गिरणीबद्दल तक्रार नाही, पीठ सगळ्यांना लागते. आता माझे सामान कुणाला लागत नाही ते मी त्यांना विचारायला हवे होते, पण सुचले नाही.

मग सह्यांसाठी दारोदार फिरलो. विठाबाईने चहा दिला, सही दिली नाही. तिचा नवरा महिनाभर अंथरुणावर होता, तो मला दारात पाहून उठून बसला आणि आपण आता बरे आहोत म्हणाला. गजाने तर सांगितले, सकाळी दार उघडले की तुझे बांबू दिसतात, दिवस वाईट जातो.

सातव्या दिवशी दुपारी गजाचा बाप गेला. गजा मागच्या दाराने आला आणि सामान पुढून नको, लोक बघतील, एवढेच बोलला. म्हाताऱ्याने मला नदीत पोहायला शिकवले होते. तिरडी मीच बांधली, खांदाही दिला. तेरावे उरकल्यावर सहीचा कागद घेऊन पुन्हा गेलो. मुदत टळली होती, पण आशा वाईट. गजाने कागद हातात घेतला.

"श्रीपतदादा, सही करतो मी. पण अर्जावर माझं नाव शेवटचं हाय. पयलं कोनाचं हाय, ते आधी बघून ये."

मी बघायला गेलो नाही. कशाला उकरायचे? माल गोणपाटाखाली झाकून ठेवला आहे. तुमच्याकडे मागणे काही नाही, केवळ खुशाली कळवली.

लोभ आटू देऊ नये.

तुमचा भावोजी,
श्रीपत

ता. क. मागणे नाही असे वर लिहिले, पण एक आहे. तुमची रस्त्याकडची पडवी रिकामीच असते. तिथे माझे सामान ठेवू द्याल का? मी खोपोलीहून रोज गाडीने येईन.

आणखी ता. क. बघायला गेलो नाही, हेही खोटे. गेलो. पहिला अंगठा तुमच्या बहिणीचा, आमच्या धोंडूबाईचा. घरी येऊन विचारले. ती तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही.

"दार वाजलं की मीच उघडायचं," म्हणाली. "कोन गेलं ते इचारायचं, आन मंग गिऱ्हाईक आलं म्हून तुमचा चेहरा खुललेला बघायचा. मला ते बघवत नाय."

माझा चेहरा खुलत होता, मालोजीराव. मला ठाऊक नव्हते. म्हणून पडवी हवी. पण वहिनींना आधी विचारा. त्या नको म्हणाल्या तर आग्रह करू नका. एका अर्जावर तुमच्या बहिणीचा अंगठा पाहिला, दुसऱ्यावर त्यांचा पाहायचे बळ नाही.