कृतिकाच्या चार नव्या दाढा

९ जुलै
कृतिकाच्या शाळेत दातांचा कॅम्प झाला. चिठ्ठी आलीय: नव्या चार पक्क्या दाढांना खोल खाचा आहेत, कीड लागायच्या आत सीलंट लावून घ्या. केतकी म्हणाली, शनिवारी जाऊन या. मी म्हणालो, बिल्कुल. सहा वर्षांच्या मुलीचे दात ही बापाची जबाबदारी.

१३ जुलै
गेलो नाही. आधी अभ्यास. सतरा वर्षं मिनिस्ट्रीत आहे, न वाचता सही करत नाही.

२० जुलै
वाचलं. सीलंट म्हणजे दाढेच्या खाचांवरचा पातळ लेप. अन्न आणि जंतू आत शिरत नाहीत. पण आता जंतू मारणाऱ्या, अँटीबॅक्टीरियल सीलंटवरही काम चाललंय! केतकीला दहा मिनिटं समजावलं. ती म्हणाली, अच्छा, पण अपॉइंटमेंट घेतलीस का? मूळ मुद्दा तिच्या लक्षातच येत नाही.

३ ऑगस्ट
गाझियाबादला घराजवळच डॉ. अरुणांचं क्लिनिक आहे, तिथे गेलो. त्या म्हणाल्या, ड्रिल नाही, इंजेक्शन नाही. दाढ कोरडी करायची आणि लेप लावायचा. कृतिका खुर्चीत चढून आ करून बसलीसुद्धा. मी अँटीबॅक्टीरियलचा मुद्दा काढला. त्या म्हणाल्या, जो है वो भी अच्छा है, देर मत कीजिए.
एवढ्यात शेजारच्या खोलीत मशीन सुरू झालं. क्लिनिकमध्ये हवा फारच कोंदट. मी उठून दाराशी गेलो. ऑफिसचा अर्जंट फोन आला म्हणून कृतिकाला खुर्चीतून उतरवलं. फोन सायलेंटवर होता, त्यामुळे कुणाला ऐकू आला नाही.
खाली तिला जिलबी घेऊन दिली. आईला एवढ्यात सांगायचं नाही असं आमचं ठरलं. पोरगी समजूतदार आहे.

३ ऑगस्ट, संध्याकाळ
केतकीने विचारलं, झालं का? म्हणालो, झालं. म्हणजे, जाणं झालं.

२१ सप्टेंबर
केतकी हल्ली कृतिकाच्या चॉकलेटला नाही म्हणत नाही. सीलंट आहे ना, म्हणते. दोनदा सांगणार होतो. पहिल्यांदा पाहुणे होते. दुसऱ्यांदा नव्हते, पण ती खुशीत होती. पुढच्या शनिवारी गुपचूप लावूनच आणतो, म्हणजे सांगायला काही उरणारच नाही.

१७ नोव्हेंबर
हवा भयंकर. अशा धुरात मुलीला क्लिनिकला नेणं बेजबाबदारपणा होईल. दुपारी तिला मॉलमध्ये नेलं.

१४ जानेवारी
मराठी मंडळाच्या बसने पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला गेलो. मी मुलांसमोर धैर्यावर पाच मिनिटं बोललो. लोकांना आवडलं. मग तिळगूळ वाटला. कृतिकाने लाडू चावला आणि किंचाळली. गाल धरून रडत राहिली. केतकी म्हणाली, सीलंट निघालं असेल. मी म्हणालो, असेल.

१६ जानेवारी
खालची उजवी दाढ किडलीय. केतकीने डॉक्टरांकडे तक्रार केली की सीलंट सहा महिनेही टिकलं नाही. त्यांनी रेकॉर्ड बघितलं. म्हणाल्या, लगाया ही नहीं था.
केतकीने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे. तेवढ्यात कृतिकाच घाईघाईने म्हणाली, बाबा की गलती नहीं है, मैं डर गई थी.
ती घाबरली नव्हती. असं बोलायला मी शिकवलंही नव्हतं. तिथल्या तिथे खरं सांगायला हवं होतं. डॉक्टर इंजेक्शन भरत होत्या, मी ते बघितलं आणि पुन्हा भिंतीकडे वळलो.
जवळ कोण थांबणार, असं त्यांनी विचारलं. कृतिका म्हणाली, आई. मी बाहेर बसलो. तिच्या रडण्याचा आवाज एकदाही आला नाही. किडलेली दाढ भरली, उरलेल्या तिन्ही दाढांना सीलंट लावलं. सीलंटला पंधरा मिनिटंही लागली नाहीत.
गाडीत केतकीला सगळं सांगितलं. मशीनचा आवाज, न आलेला फोन, जिलबी. ती म्हणाली, तिथेच कळलं मला. आपली मुलगी डॉक्टरला कधी घाबरलीय?
मागच्या सीटवरून, बधिर ओठांतून कृतिकाने विचारलं, बाबा, मी बरोबर बोलले ना?