करंगळीला चावलेला कोळी

१९ एप्रिल
सुंदराचा अबोला चालूच. कारण काय, तर जत्रेच्या जेवणात तिच्या भावाला, राघूला, मी अख्ख्या पंगतीसमोर म्हणालो, "तुमची मेंढरांची औषधं मेंढरांनाच ठेवा, राव." पंगत हसली. बायको नाही हसली. धनगराची लेक, त्याच औषधांवर वाढलेली!

आता मला काही सांगायचं असलं की ती ओट्यावरच्या शेळीला सांगते. "सांग त्यांना, भाकरी झाली." शेळी माझ्याकडे बघते. एसटीत जन्मभर कंडक्टरकी केली, पण इतका चोख निरोप्या पाहिला नाही.

२० एप्रिल
पिशवी भरली! उद्या सकाळच्या गाडीनं धामणीला, राघूकडे. परत कधी? शेळीलासुद्धा सांगितलं नाही. मी पेपर वाचत बसलो. काय वाचलं, देव जाणे.

२१ एप्रिल
नवा कांदा भरायचा म्हणून पहाटेच बराख झाडायला घेतली. डाव्या करंगळीला कोळी चावला. बोट लाल, टम्म!

शेजारचा जानकू धावत आला. "भाऊ, ब्लेडनं चीर द्या, चुना भरा!" सुंदरा पायात चपला घालून निघालेली. पिशवी खाली ठेवली. "चुना तुज्या पानाला लाव," जानकूला म्हणाली. माझं बोट साबणानं धुतलं, माठातल्या पाण्यात फडकं पिळून गुंडाळलं. मग शेळीला — "सांग त्यांना, हात वर धरा. खाजवायचं न्हाई. सूज वर चढली, न्हाईतर ताप आला, तर सरळ दवाखाना."

एवढंच औषध. याच्यावर मी पंगत हसवली होती!

गाडी निघून गेली. राघूचा फोन आला. ही म्हणाली, "कशी येऊ? एक जरी मेंढरू लंगडत असलं तर तळ हलवायचा न्हाई, आपले आबा सांगायचे." मेंढरू म्हणजे मी. असो. पिशवी दाराशीच आहे.

२२ एप्रिल
दुखतंय. खरंच.

२३ एप्रिल
दुखत नाही. तरी कण्हलो.

२४ एप्रिल
सूज गेली, लाली गेली. काय हा कोळी! चावायचं तर नीट चावावं. दुपारी बराखीत जाऊन दुसरा शोधला. जाळी भरपूर, मालक एकही नाही. जानकूनं विचारलं, "आता बरं हाय ना?" मी म्हणालो, "कसलं बरं! लई ठणकतंय."

संध्याकाळी कण्हत हात पुढं केला. तिनं धरला, फडकं गुंडाळलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, सलग इतका वेळ हात कधी धरला नव्हता. तिनं जाऊ नये. हे मला तिला सांगायचंय. राघूचीही माफी मागायचीय. पण तोंड उघडलं की नुसतं कण्हणं येतं.

२५ एप्रिल
कण्हलो. फडकं. जेवण. शेळीला निरोप — "सांग त्यांना, झोपा."

२६ एप्रिल
संध्याकाळी सुंदरानं फडकं पिळून आणलं. शेळी समोरच होती, पण तिच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

"आवं, परवापासनं तुमी उजवा हात पुढं करताय. चावलं डाव्याला व्हतं."

आणि उजव्यालाच गुंडाळलं.