अकरा तारखेला मला ट्रेनिंग आहे

३ मार्च २००८, सोमवार
मॅडमनी सांगितलं म्हणून ही रोजनिशी लिहीत नाही. मलाच लिहायची होती. वही आधीच घेतलेली. (आज दुपारी.)

झालं एवढंच. शनिवारी फाउंड्रीत हेल्मेट फेकलं. कुणाला लागलं नाही. मालक गणपतराव म्हणाले, संगमेश, हिशोब देऊन घालवू, का माझ्या सुनेकडं जातोस? सून म्हणजे सुष्मिता मॅडम, डोक्याच्या डॉक्टर. मॅडम म्हणाल्या, डॉक्टर नाही, सायकोथेरपिस्ट. गोळ्या देत नाही, बोलते. थेरपीचं नाव ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट. म्हणजे मनात काय येतंय ते येऊ द्यायचं, आणि करायचं ते करायचं. मॅडमना आता ही थेरपी दुसऱ्यांना शिकवायची आहे. त्यासाठी सात वर्षं खपल्यात. पुण्याला कोर्स, बेंगलोरला कोर्स, एकदा नापास. आता बैठकांची रेकॉर्डिंग परदेशातल्या कमिटीला पाठवायची. माझी चालेल का, असं विचारून कागदावर सही घेतली. मी मोठी केली.
म्हणजे मी पेशंट नाही. मॅडमच्या परीक्षेतला पेपर आहे.

घरचं विचारलं. सांगून टाकलं. गाव जत तालुक्यात, कर्नाटकाच्या कडेला. अप्पांचं किराणा दुकान. नववी नापास झालो तेव्हा भर गिऱ्हाइकांत अप्पा म्हणाले, ह्याला तराजूसुदीक नीट धरता येत न्हाय. त्याच दिवशी कोल्हापूर गाठलं. सहा वर्षं झाली. अप्पा स्वतः न्यायला आले तरच जाणार. बहिणीचं, सौंदर्याचं, लग्न ११ मेला असलं तरीपण. विषय संपला.

१० मार्च, सोमवार
मॅडमनी बस शिकवली. आपण ड्रायव्हर. मनातले विचार म्हणजे मागचे पॅसेंजर. ते बोंबलणार, इकडं वळ, तिकडं वळ. बोंबलू द्यायचं. त्यांना उतरवायला गाडी थांबवली तर गाडी तिथंच राहते.
सोपं आहे. मला आधीच येत होतं.
दुसरं एक वाक्य दिलं. वाईट विचार आला की पुढं लावायचं, ‘मला असा विचार येतोय की’. धार कमी होते म्हणे.
होमवर्क: अप्पांना फोन. दोनच मिनिटं. करणार आहे. बॅलन्स टाकला की.

१३ मार्च, गुरुवार
अव्वाचा, म्हणजे आईचा, फोन. दर गुरुवारी शेजारच्यांच्या फोनवरनं करते. लग्नाला येतोस न्हवं? म्हटलं, अव्वा, मला असा विचार येतोय की मी येणार न्हाय. अव्वा म्हणाली, विचार येतोय तर येऊ दे की, तू पण ये त्याच्यासंगट.
अव्वाचा बेस कच्चा आहे.

१४ मार्च
सुपरवायझर आकारामला शांतपणे म्हणालो, मला असा विचार येतोय की तुम्ही गाढव आहात. धार कमी केली होती. तरी दोन दिवस घरी बसवलं. एमआयडीसीत अजून सायन्स पोचलेलं नाही.

२४ मार्च, सोमवार
मोठा दिवस. मॅडम विचारत होत्या, तुमच्या कामात काय असतं? सांगितलं. वाळूच्या साच्यात लोखंड ओतलं की आत गॅस होतो. त्याला वाट पाहिजे. म्हणून आम्ही मोल्डर लोक आधीच तारेनं वाळूत बारीक भोकं पाडतो. नाही पाडली तर गॅस आतच कोंडतो. कास्टिंग वरनं चकाचक, मशीनवर घेतलं की आत पोकळ. रिजेक्ट.
मॅडमनी पेन थांबवलं. मग सगळं लिहून घेतलं. म्हणाल्या, हे मी शिकवताना वापरू का?
वापरा म्हटलं.
म्हणजे आता आम्ही दोघं आहोत या थेरपीत. मीही ट्रेनर व्हायचं ठरवलं. मॅडमना सात वर्षं लागली, कारण त्यांनी पुस्तकं वाचली. मला दोन महिने बास.
(अप्पांचा फोन राहिला. रेंज नव्हती.)

२ एप्रिल, दुपारी १.१०
पहिला ट्रेनिंग वर्ग. जागा: वाळूच्या ढिगामागं, जेवणाच्या सुट्टीत. हजर चार. बस शिकवली. एकानं विचारलं, एसटी का खाजगी? दुसरा म्हणाला, पॅसेंजर बोंबलत असतील तर कंडक्टर काय करतोय? तिसरा उठून तंबाखूला गेला.
शेवटी रशीदभाई तेवढे उरले. भट्टीवर वीस वर्षं काढलेला माणूस. डबा संपवून म्हणाले, मास्तर, एक डाऊट हाय. विचारा म्हटलं. तू घरला फोन केलास काय?
सिलॅबसबाहेरचा प्रश्न.

९ एप्रिल
वर्गाला रशीदभाईच. तेही सावली आहे म्हणून. तोच डाऊट. उद्यापासून डाऊट शेवटी घेणार.

१० एप्रिल
वर्ग बंद केला. विद्यार्थ्यांची तयारी नाही.

२१ एप्रिल, सोमवार
शेवटचं रेकॉर्डिंग. हेच कमिटीला जाणार. म्हणून मी तयारीनं गेलो, इस्त्रीचा शर्ट घालून. टेपला इस्त्री दिसत नाही, हे नंतर लक्षात आलं.
मॅडमनी विचारलं, समजा तुम्ही लग्नाला गेलात, दारात अप्पा आहेत. काय होईल अशी भीती वाटते? मी विषय नीट उलगडला. ट्रेनिंग कसं असावं, वर्गाची वेळ, डाऊट कधी घ्यावेत. चाळीस मिनिटं. मॅडमनी तोडलं नाही. माझं संपलं तरी गप्पच बसल्या. मग म्हणाल्या, सावकाश. टेप चालू आहे.
मग मी एक वाक्य बोललो. काय ते लिहीत नाही. बारीक होतं.
डोळ्यात वाळू गेली. आज सोमवारची सुट्टी होती, पण आमची वाळू अंगात राहते.

५ मे, सोमवार
पत्रिका आली, पोस्टानं. आतल्या पानावर भावांच्या रांगेत पहिलंच नाव: चि. संगमेश (कोल्हापूर). अव्वाला लिहायला येत नाही. मजकूर अप्पांनीच दिला असणार.
छापखानेवाल्याची चूक असेल. जुनी पत्रिका बघून छापतात.
रशीदभाईंना दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली. म्हणाले, अरे येड्या, कंसात गावसुदीक घातलंय की रं तुझं. आनखी कसा माणूस धाडायचा तुला न्यायला?
म्हटलं, माणूस नाही, अप्पा पाहिजेत.

८ मे, गुरुवार
मॅडम पास! कमिटीचं पत्र आलं. लिहिलंय की, पेशंट चाळीस मिनिटं टाळत असताना थेरपिस्टनं जो धीर धरला तो शिकवण्याजोगा आहे. माझ्याशिवाय हे जमलं नसतं.
मॅडमचं पहिलं ट्रेनिंग कोल्हापुरातच, वीस कौन्सेलरांचं. तारीख ११ मे.
हे नशीबच म्हणायचं. म्हटलं, मॅडम, मी येतो, मदतीला. मॅडम म्हणाल्या, संगमेश, तुम्हाला अकराला दुसरीकडं जायचंय. तुमची टेप वाजवू का तेवढं सांगा, नाव कळणार नाही. म्हटलं, वाजवा, आणि मीपण येणार.
अव्वाला कळवलं, अकराला मला ट्रेनिंग आहे. अव्वानं फोन ठेवला. शेजारच्यांचा बॅलन्स असून ठेवला.

११ मे, रविवार
(बसमध्ये लिहितोय. अक्षर हलतंय.)
साडेदहाला हॉलवर पोचलो. मागच्या खुर्चीवर बसलो. मॅडमनी भोकांचं उदाहरण दिलं, म्हणाल्या, हे मला एका मोल्डरनं शिकवलं. मी आजूबाजूला बघितलं. कुणी माझ्याकडं बघितलं नाही.
मग टेप लावली. माझा आवाज. वर्गाची वेळ, डाऊट कधी घ्यावेत. लोक हळू हसत होते. मग हसायचे थांबले, कारण टेपवर काहीच नव्हतं, नुसता पंखा. आणि मग तो बारीक आवाज: “अप्पांनी बघून न बघितल्यासारखं केलं तर?”
पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, मग हा लग्नाला गेला का?
मॅडमना मी दिसलो तेव्हा. म्हणाल्या, माहीत नाही. लग्न आज आहे.
घड्याळात अकरा चाळीस. अक्षता साडेबाराच्या. जतला एसटी साडेचार तास.
सांगलीपर्यंत उभाच होतो. पॅसेंजर बोंबलत होते. ड्रायव्हर मी नव्हतो.

१२ मे, सोमवार
काल सहाला पोचलो. सौंदर्या पाचला सासरी गेली होती. बुंदी संपली होती. अव्वा मला बघून रडली आणि भात टाकायला गेली.
मांडवात अप्पा एकटेच सतरंज्या गोळा करत होते. म्हातारे झालेत. माझ्याकडं बघितलं नाही. ज्याला मी सहा वर्षं घाबरलो, नेमकं तेवढंच झालं.
मी उभा राहिलो.
मग त्यांनी सतरंजीचं एक टोक माझ्याकडं टाकलं. म्हणाले, धर.
धरलं.
म्हणाले, असं न्हाय. नीट.
एकंदर चौदा सतरंज्या झाल्या. थेरपीचा विषय काढला नाही.