माधवीची शिवणाची खोली मी लावून दिली त्याबद्दल

अनगोळ, बेळगाव
मंगळवार, दुपारी तीन (माधवी शेजारी हळदीकुंकवाला गेली आहे)

ती. मंगलआक्कांना रवळूचा वाकून नमस्कार. तुमच्या गुडघ्याला आता कसं आहे? मागच्या आठवड्यात माधवी तुमच्याकडे चार दिवस राहून आली, तेव्हा म्हणाली की शेकल्यावर उतार पडतो. तेव्हा शेकत राहा. अण्णांचा खोकला बसला असेल अशी आशा करतो. इकडे आम्ही खुशाल आहोत, म्हणजे माधवी खुशाल आहे. माझं पुढे सांगतो. पत्र बघून दचकू नका. फोनच केला असता, पण गुंजीला तुमच्या घरात रेंज येते ती गोठ्याच्या दारात, आणि आमच्या घरात फोनवर बोलणं म्हणजे माधवीच्या कानात बोलणं. ही गोष्ट तिच्या कानावर जायची नाही.

तुम्हाला माहीतच आहे, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत एकतीस वर्षं मी स्टोअर सांभाळलं. चार हजार जातींचे नटबोल्ट, पण साहेबांनी रात्री उठवून विचारलं असतं तरी कुठला कुठल्या खणात आहे ते डोळे मिटून सांगितलं असतं. असा माणूस रिटायर होऊन घरी बसला आणि त्याला पहिल्यांदाच दिवसाढवळ्या आपलं घर दिसलं. तुमच्या बहिणीचं शिवणकाम, आक्का, सगळ्या घरभर होतं. पायमशीन सोप्यात, कात्री टीव्हीवर, दोऱ्याची रिळं बिस्किटाच्या डब्यात (आणि बिस्किटं हुकांच्या डब्यात), खडू देवळीत, टेप तिच्या गळ्यात. दाभण कुठं असायची ते मला ठाऊक नव्हतं. एका सकाळी पेपर वाचायला सोफ्यावर टेकलो आणि ठाऊक झालं. (धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. काळजी नसावी.)

त्यातच प्रियदर्शनीच्या सासरहून तिला दिवस गेल्याची बातमी आली. माधवी म्हणाली, होणाऱ्या नातवंडाला पांघरायला मी वाकळ शिवणार. मी मनात म्हटलं, हिला एक नीट खोली देऊ या. ती तुमच्याकडे निघाली, तिची गाडी सुटली आणि मी कामाला लागलो. मागच्या खोलीतली बटाट्याची पोती काढली, चुना दिला, अँगलचा रॅक उभा केला. लोणच्याच्या चौसष्ट बरण्या आणून त्यांना नंबर दिले. दोरा रंगाप्रमाणे, सुया जाडीप्रमाणे, बटणं भोकांच्या संख्येप्रमाणे. दारामागे एक वही टांगली, म्हणजे जे काय काढायचं ते तारखेसह लिहून काढायचं. (वहीला पेनसुद्धा दोरीनं बांधलं. नाहीतर पेन टिकत नाही, हा अनुभव आहे.) मग कापडाकडे वळलो. कामाचं एका बाजूला, बिनकामाचं दुसऱ्या बाजूला. कोपऱ्यात जुन्या चादरीत बांधलेलं एक गाठोडं होतं. सोडून बघितलं तर तीन विटकी लुगडी, इतकी झिजलेली की आरपार हात दिसावा. आमच्या स्टोअरमध्ये असला माल एका शब्दात स्क्रॅप. आणि नेमकी तेवढ्यात जयाबाई आली. जयाबाई म्हणजे जुने कपडे घेऊन भांडी देणारी, चिकोडीकडची. मी गाठोडं दिलं आणि झाकणाचं स्टीलचं पातेलं घेतलं. घासाघीस करून मोठं घेतलं, आक्का. किती खूश होतो मी.

माधवी आली. खोलीच्या दारात उभी राहिली. एकेका बरणीवरून हात फिरवला, वही उघडून बघितली, परत मिटली. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येणार. मग म्हणाली, "कोपऱ्यात आईच्या लुगड्यांचं गाठोडं होतं, ते कुठं ठेवलंसा?"

तुमच्या आईच्या! बाळाबाईंची ती तीन इरकली लुगडी, आक्का. वाकळेसाठी जपून ठेवलेली. मऊ पडलेलं लुगडंच बाळाच्या अंगाला चालतं, हे मला एकतीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. सुचलं ते बोललो. म्हटलं, "धोब्याकडं दिलंय. वाकळेला घेण्याआधी स्वच्छ नको व्हय?"

"बरं केलंसा," म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

दुसऱ्या दिवशी पेन्शनच्या कामाचं निमित्त सांगून मोटरसायकल काढली आणि निपाणी गाठली. जयाबाई बाजारात बसते एवढंच ऐकून होतो. ऊन असं की हेल्मेटमध्ये डोकं उकडून निघालं. कपड्यांचे ढीग लावून वीसेक बायका बसल्या होत्या. मी एकेक ढीग उपसायला लागलो तसं एकीनं कन्नडात विचारलं, बायकोनं घराबाहेर काढलंय का? शेवटच्या ओळीत जयाबाई सापडली. मला बघून तिला वाटलं, पातेलं गळतंय. मी ते पिशवीतून काढून तिच्यापुढे ठेवलं आणि सगळं खरं सांगितलं. तिनं ढिगातून दोन लुगडी काढून दिली. जांभळं आणि तांबडं.

"आणि हिरवं?"

"साहेब, ते न्हाय विकलं," ती म्हणाली. "सून बाळंत झालीया. नातीच्या पाळण्याला बांधलंय. दुसरं कुठलं बांधलं तर रडतीया, ह्यात गप झोपतीया. सांजचं सोडून आणू काय?"

आक्का, मी तिथं बाजाराच्या मधोमध उभा होतो. आणा म्हणायला तोंड उघडलं, पण निघालं वेगळंच. म्हटलं, राहू दे. पातेलंही राहू दे. तिनं ते जबरदस्तीनं माझ्या पिशवीत परत कोंबलं. "तगोरी, घ्या, घरच्या आक्कास्नी द्या," म्हणाली.

घरी दोन लुगडी दिली. तिसरं धोब्याकडं वाळायचं आहे असं सांगितलं. आज त्याला सहा दिवस झाले. माधवी रोज एकदा आभाळाकडे बघते आणि म्हणते, "ऊन तर बक्कळ हाय." मला जेवण जात नाही.

अण्णांना नमस्कार. तुमचा,
रवळू

ता. क. – खरं काम असं की, तुमच्या आईचं एखादं हिरवं लुगडं तुमच्या ट्रंकेत नक्की असणार. तेवढं पार्सलनं पाठवाल का? माझ्या नावावर पाठवा, आणि वर 'मोटारीचे सुटे भाग' असं लिहा. मागितल्याबद्दल राग आला तर माझ्यावर काढा, पण लुगडं आधी पाठवा.

ता. क. २ – आक्का, मी माधवी. तुझा पिनकोड विचारायला हे पाकीट माझ्याकडंच घेऊन आले, तेबी उघडं. आता बाहेर चिंच सोलत बसलेत, म्हणून लिहिते. बत्तीस वर्षांत ह्या घरातलं एक फडकं धोब्याकडं गेलेलं न्हाय, तवा मला पहिल्या सांजेलाच कळलं. दुसऱ्या दिवशी जयाबाईचा फोन आला. बारा वर्षं मी तिला कपडे देतीया. म्हणाली, साहेब रडायच्या घाईला आलते. लुगडं धाडू नको. आईचं लुगडं पाळण्याला लागलंय, आणि काय पायजे? दोन लुगड्यांत वाकळ भागती, निम्मी झालीबी. ह्यांना अजून चार दिवस सांगणार न्हाय, तूबी सांगू नको.

माझं काम वेगळंच हाय. त्या खोलीत मला काय म्हणजे काय गावंना. हूक हवा तर आधी वही बघायची, मग बरणी. तवा कायतरी कारण काढून ह्यांना गुंजीला बोलवून घे. तुझी कोठीची खोली लावून द्या म्हण, पळत येतील. तवर मी माझं सामान परत सोप्यात आणते. पण चार दिवसांच्या वर ठेवून घेऊ नको. डोळ्यांनी आता दिसत न्हाय गं, सुईत दोरा तेच ओवून देतात. रोज सकाळी पंधरा सुया ओवून उशीला टोचून ठेवतात. चार दिवसांच्या साठ हुतील, तेवढ्या ते निघायच्या आधी त्यांच्याकडनं ओवून घेते.