बेटावरून परतायची वेळ

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा समुद्राकाठचे सहा खोल्यांचे गेस्ट हाउस चालवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. तसा दाखला माझ्या चिरंजीवांना कोणी दिला असता की नाही, याची मला शंका आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणण्याइतका दम या कुटुंबात कोणाच्यातच नाही. यापूर्वीची माझी तीन मृत्युपत्रे या लिखाणाने रद्द समजावीत. ती लिहिली तेव्हा माझे माणसांबद्दलचे मत बरे होते.

कलम एक. मिळकतीचे वर्णन. एकमजली घर, सहा खोल्या, जेवणाची खोली, मागे धुण्याचा ओटा. पूर्वेस रस्ता, दक्षिणेस मिठाच्या जुन्या कोठाराची पडकी भिंत, उत्तरेस वाळूची टेकडी. पश्चिमेस समुद्र. तो मिळकतीत धरलेला नाही, जरी चिरंजीवांनी जाहिरातीत ‘आमचा खासगी किनारा’ असे छापले असले तरी. दिवसातून दोनदा पाणी मागे सरते आणि काळ्या खडकांची एक वाट उघडी पडून समोरच्या बेटापर्यंत जाते. वाटेत खेकडे, शिंपले, खडकांतली स्वच्छ डबकी आणि एका पायावर उभे राहणारे बगळे दिसतात. हे सगळे बघायलाच पाहुणे येतात. त्यांच्यातल्या एकाने मला विचारले होते की ओहोटी रविवारीही असते का. मी त्याला असते म्हणून सांगितले आणि आत निघून गेले.

कलम दोन. माझे धाकटे दीर, ज्यांना गाव इतिहासाचार्य म्हणते आणि ज्यांना तो मान वाटतो, यांना मी बेटावरच्या पडक्या बुरुजाचा संपूर्ण इतिहास देते. तो असा: ती चुन्याची भट्टी होती. तिथे कधी राणी नव्हती, वेढा पडला नव्हता आणि कोणी कड्यावरून उडीही मारली नाही. भट्टी बंद पडल्यावर माझ्या सासऱ्यांनी तिचे दगड आणून या घराच्या न्हाणीघरांना लावले. पाहुणे उन्हातान्हात बेटावर जाऊन ज्या वैभवाकडे माना वर करून बघतात, त्यातल्या बऱ्याचशा भागावर चार नंबरच्या खोलीत साबण ठेवलेला असतो. हे मी एकदा भाऊजींच्या कानावर घातले. ते म्हणाले, “वहिनी, लोकांना ऐकायला काहीतरी लागतंच ना.” दिवाणखान्यात टांगलेली राणीची तसबीरही त्यांनी घेऊन जावी. तसबिरीतली बाई कोण आहे हे त्यांनाही माहीत नाही.

कलम तीन. बँकेतली शिल्लक आणि फाटकावरचा स्क्रीन मी चिरंजीवांना देते. घर देत नाही. त्याचे कारण नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढे त्यांना वकिलाकडे खेपा घालाव्या लागणार नाहीत.

बेटावरून किती वाजेपर्यंत परतायचे ती वेळ फाटकापाशी पाटीवर रोज खडूने लिहिली जाते. भरती-ओहोटीचे छापील कोष्टक मोठ्या बंदराचे असते. आमच्याकडे पाणी समोरून येत नाही. बेटामागची खाडी आधी भरते आणि पाणी पाठीमागून येऊन वाट कापते. पाहुणे समोरच्या लाटांचे फोटो काढत उभे असतात, तोवर मागे कमरेइतके पाणी झालेले असते. म्हणून कोष्टकावरून जी वेळ निघते तिच्यातून पंचवीस मिनिटे खाडीची वजा करायची आणि पंधरा मिनिटे मूर्खपणाची. हे गणित मला सासूबाईंनी शिकवले. त्यांचे माझ्याशी पटत नव्हते, पण गणित बरोबर होते.

गेल्या वर्षी चिरंजीव शहरातून आले आणि त्यांनी फाटकावर स्क्रीन बसवला. त्यावर वेळ आपोआप येते, बंदराची. मी खाडीचे सांगायला गेले तर म्हणाले, “आई, हे सॅटेलाइटवरून येतं. त्याला सगळं कळतं.” सॅटेलाइट आमच्या खाडीत कधी उतरलेले नाही. चिरंजीवही उतरलेले नाहीत; त्यांना पायाला शेवाळ लागलेले चालत नाही. ते गेल्यावर मी स्क्रीनवर उशीचा अभ्रा चढवला. घर त्यांच्या हाती गेले तर पहिल्याच आठवड्यात पाटी निघेल आणि कोणीतरी बुडेल. मला त्यांचा राग नाही, त्यांच्यावर विश्वास नाही एवढेच. अभ्राही त्यांनीच न्यावा.

कलम चार. हे कलम मालमत्तेचे नाही, पण याच्यावाचून बाकीची खोटी ठरतील.

एकोणीस वर्षांपूर्वी माझे यजमान बेटाच्या वाटेवर बुडाले. त्या दिवशी पाटीवर चुकीची वेळ होती. ती यजमानांनी लिहिली होती, असे मी चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांना सांगितले, गावाला सांगितले आणि मुलालाही सांगितले. ते मुळातच विसराळू, चहाचा कप कुठे ठेवला हे न आठवणारे. सगळ्यांना लगेच पटले. तेव्हापासून या गावात निष्काळजी माणसाचे उदाहरण द्यायचे झाले तर त्यांचे नाव घेतात. इतिहासाचार्यही घेतात, आणि ते तर सख्खे भाऊ.

पाटी मी लिहिली होती. सकाळी आमचे भांडण झाले होते. त्यांनी धुतलेल्या चादरी वाळूत पसरल्या, एवढ्यावरून. मी तणतणत फाटकाशी गेले आणि कोष्टकातली वेळ जशीच्या तशी उतरवली. ना खाडी वजा केली, ना मूर्खपणा. दुपारी दोन पाहुणे बेटावरून निवांत येत होते आणि मागून पाणी चढत होते. यजमानांनी ते ओट्यावरून पाहिले, फाटकाशी येऊन पाटी वाचली आणि मला म्हणाले, “अगं, खाडी विसरलीस.” मग चप्पल काढून ठेवली आणि गेले. रागावले नव्हते. पाहुण्यांना त्यांनी उंच खडकावर चढवले. होडी पोचेपर्यंत पाहुणे होते, ते नव्हते.

या कागदात मी बऱ्याच जणांना मूर्ख ठरवले आहे. त्यांच्यापैकी कोणी माणूस मारलेला नाही आणि मेलेल्यावर आळ घातलेला नाही. मी दोन्ही केले. मला यजमानांची फार आठवण येते, आणि ती काढायचा मला हक्क राहिलेला नाही. माझ्यामागे भाऊजींनी पाहुण्यांना बेटाचा इतिहास सांगताना राणी वगळावी आणि हे सांगावे.

कलम पाच. हे कलम खोडले आहे. खोडलेले तसेच ठेवावे, नवीन कागद करू नये.

यात मी घर आमच्या खोल्यांच्या बाईला दिले होते. गेली बत्तीस वर्षे ती खोल्या झाडते, चादरी बदलते. पाहुणे तिला आवडत नाहीत, आणि या धंद्याला लागणारा तो पहिला गुण आहे. त्या सकाळी ती फाटकापाशी पायपुसणी झटकत होती. मी पाटी लिहिताना तिने पाहिले. अधिकाऱ्यांनी विचारले तेव्हा ती म्हणाली, “मी मागच्या अंगणात होते.” त्यानंतर आम्ही दोघी याविषयी एक शब्द बोललो नाही.

आज वकील हे वाचून म्हणाले की जिला मिळकत मिळते तिला साक्षीदार करता येत नाही, दुसरे कोणीतरी बोलवा. ती दारातच उभी होती. म्हणाली, “बाई, घर नको मला. सही करू द्या.”

मी म्हटले, “अगं, वेड लागलंय का? सही काय, पोस्टमनही करेल.”

“पोस्टमननं पाटी पाहिली नव्हती. लोक साहेबांना नावं ठेवतात नि मी खाली मान घालून लादी पुसते. एकोणीस वर्षं पुसतेय.”

इतके ती माझ्यासमोर एका दमात कधी बोलल्याचे मला आठवत नाही. मी कलम खोडले.

कलम सहा. घर, सामानसुमान आणि पाटी मी तिच्या मुलीला देते. ही मुलगी धक्क्यावर होड्यांची इंजिने दुरुस्त करते, आणि माझे गुडघे गेल्यापासून दोन वर्षे पाटीही तीच लिहिते. तिने एकदा मला विचारले होते, “मूर्खपणाची पंधरा मिनिटं पुरतात का हो?” मी म्हटले, नाही पुरत. ती आता वीस धरते. साक्षीदाराच्या मुलीला घर देता येते का, हे वकिलांनी दोन पुस्तकांत पाहिले. त्यांना हरकत सापडली नाही. तिच्या आईची हरकत आहे, पण तिला कोणी विचारलेले नाही.

ठिकाण: जेवणाची खोली, खिडकीजवळचे टेबल. चौदा तारीख, मंगळवार, सकाळी.

सही: मालकीण.

साक्षीदार पहिले, डॉक्टर: लिहून देणाऱ्या बाईंनी माझ्यासमक्ष सही केली. त्या शुद्धीवर आहेत आणि नेहमीइतक्याच रागात आहेत.

साक्षीदार दुसरी, खोल्यांची बाई: बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या दिवशी पाटीपण माझ्यासमोरच लिहिली. मी मागच्या अंगणात नव्हते. अक्षर बाईंचं होतं, साहेबांचं नव्हतं.